संतपूरची मोजणी

बाजारात कैऱ्यांचे ढीग दिसायला लागले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे कान फाटकाकडं लागतात. काल चौबाऱ्याच्या बुरुजाजवळ भाजीवालीनं हौसेनं एक कैरी फोडली, "घ्या मॅडम, डाळीला एक नंबर हाय," म्हणत फोड पुढं केली, आणि मी ती हातात धरून उन्हात नुसतीच उभी राहिले. म्हणजे चैत्र आला. आता मोगरा येईल, आमच्या गल्लीतल्या लाल दगडाच्या भिंती दिवेलागण झाली तरी तापलेल्या राहतील, नळाला पाणी येईल तेव्हा येईल. आणि भर दुपारी फाटकाची कडी वाजली की माझी छाती धडधडेल. त्या आवाजाला भ्यायचं आता काही कारण उरलेलं नाही. हे मला कळतं, छातीला अजून कळलेलं नाही.

एक अख्खा चैत्र मी ती कडी ऐकत काढला आहे.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, त्या वर्षी पौषात गेले. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. आज औरादला, उद्या भालकीला, परवा आणखी कुठल्या बांधावर. घरी यायचे ते पायाला माती आणि पिशवीत कुणीतरी दिलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन. माझ्या सासूबाईंचा, आईंचा, निम्मा संसार वाट बघण्यातच झाला. अप्पा असतानाच आईंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी मिठाचा डबा, मग किल्ल्या, मग नातवाचं नाव. अप्पा सांभाळून घ्यायचे, वरून थट्टा करायचे, "मला इसरू नकोस म्हंजे झालं."

त्यांना त्या विसरल्या नाहीत. ते गेल्याचं मात्र विसरल्या.

तेरावं होऊन पाहुणे पांगले, आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन आईंनी मला विचारलं, "हे कुटं गेलेत गं? सकाळधरनं दिसनात." मी त्यांच्याजवळ बसून खरं ते सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग जी किंकाळी फोडली ती मी जन्मात विसरणार नाही. तळहातानं कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं, भिंतीवर डोकं आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर बसून ठसठशीत कुंकू लावलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हे जेवून गेलेत का तसेच गेलेत?" पुन्हा आम्ही खरं सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी अन्न सोडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि डॉक्टर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, या हृदयाला असा धक्का पुन्हा झेपेल असं वाटत नाही. तिथल्या नर्स मेरीअम्मा आमच्याच गल्लीत राहतात, घरात तेलुगू बोलतात आणि आमच्याशी स्वतःचं मराठी. त्या मला जिन्यात म्हणाल्या, "मॅडम, तुमी पुन्हा पुन्हा सांगताय. त्यांना मात्र दरटायमाला पयल्यांदाच कळते. असं किती दफा मरायचं माणसानी?"

तेव्हा ठरलं, आईंना सांगायचं नाही. ठरवणं सोपं होतं. नवरा नोकरीला कलबुर्गीला, घरी यायचा तो शनिवारी. माझी शाळा सकाळची. दुपारी मी जरा कलंडले की कडी वाजायची आणि आई चपला सरकवून गल्लीत. गल्लीत चार भाषा आणि शंभर तोंडं. त्यातल्या एका जरी तोंडातून "अरेरे, अक्का, साहेब गेले हो!" निघालं, की संपलं.

पहिल्या दिवशी तर मी दारातच गोठले होते. आई फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, "आमचे हे दिसले का?" एक सायकलवाला थांबला, त्याला अप्पा माहीत असावेत, त्यानं तोंड उघडलंच होतं. एवढ्यात समोरच्या घरच्या खैरून खालांचा आवाज आला. खाला बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अक्का, साब संतपूर कू गए ना. मोजणी है बोलके."

"जेवून गेलेत का?"

"हौ जी, खाना खाके गए. डब्बा भी लेके गए."

आईंचा चेहरा निवळला. "सांगून जायला काय व्हतंय यांना," असं पुटपुटत त्या आत आल्या आणि डाळ निवडायला बसल्या. मी खालांकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि शेवयांवर फडकं पसरलं. संध्याकाळपर्यंत ती थाप दारोदार पोचली.

मी मूळची उदगीरची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ही गल्ली म्हणजे मला घर ते शाळेची रिक्षा एवढाच तुकडा माहीत होता. आई निघाल्या की त्यांना अडवलं तर चिडायच्या, म्हणून मी थोडं अंतर ठेवून मागं मागं जायला लागले. अशी मी माझी गल्ली पहिल्यांदा पाहिली. मशिदीच्या मागच्या बोळात दुपारभर तंदूरचा वास असतो हे मला माहीत नव्हतं. महादेवीअक्कांच्या खानावळीत सहा बायका रांगेनं बसून भाकरी थापतात, तिथून जाताना बोलणं ऐकूच येत नाही, नुसते टाळ्यांचे आवाज. मेरीअम्मांच्या दारावर ताडाच्या पानाचा क्रूस आणि त्याच दाराला झेंडूचं तोरण. आई प्रत्येक दारात थांबायच्या, ज्याच्या त्याच्या भाषेत विचारायच्या. नातवाचं नाव गेलं, पण कुणाच्या दारात कुठली भाषा हे कधी चुकलं नाही. महादेवीअक्का पीठभरला हात कोपरापाशी पुसून कानडीत म्हणायच्या, "सायबरु संतपूरक होग्यार्री अक्का, बर्री, वळग बर्री." मेरीअम्मा म्हणायच्या, "सारु ऊरिकि पोयिंड्रम्मा." साहेब गावाला गेलेत, एवढाच दोन्हींचा अर्थ, आणि आई मान डोलवायच्या. कुणाच्या घरी पाणी, कुणाच्या घरी गूळ. मी कोपऱ्यावर पदर डोक्यावर घेऊन उभी, कान तिकडं लावून.

कारण चुका व्हायच्या. एकदा शिंप्यानं कळवळ्यापोटी कमठाणा गाव सांगितलं, आणि त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मंठाळ. आई जागच्या जागी थांबल्या. "सकाळी कमठाणा अन् दुपारी मंठाळ? रिटायर माणसाला असं पळवायलेत व्हय? मी जाते कचेरीत अन् सायबाला इचारते." आणि खरंच कचेरीच्या रस्त्याला लागल्या! कचेरीत अप्पांच्या फोटोला हार घातलेला होता. त्यांना परत वळवायला मला कुठल्या कुठल्या थापा माराव्या लागल्या, देवालाच माहीत. संध्याकाळी महादेवीअक्कांनी खानावळीत सगळ्यांना दम भरला, "संतपूर अंदर संतपूर. ब्यारे ऊर ब्याड." संतपूर म्हणजे संतपूर, दुसरं गाव नको. तेव्हापासून आमच्या गल्लीत संतपूरची मोजणी सुरू झाली. लांबचं गाव, खराब रस्ता, बांधाची जुनी भांडणं. तिथं माणूस कितीही दिवस अडकू शकतो.

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिताना माझा हात थांबायचा, आत्ता या क्षणाला कुणी सांगत तर नसेल? शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी मी आधी कान द्यायचे, मग पाऊल टाकायचे.

अशात आईंनी चैत्रगौर मांडली. कुणी आठवण केली नव्हती. एका सकाळी देवघरातली अन्नपूर्णा त्यांनी छोट्या झोपाळ्यात बसवली आणि मला म्हणाल्या, "कैऱ्या आण. सुक्कीरवारी हळदीकुंकू हाय." मी हो म्हटलं, विसरतील म्हणून. दुपारी कडी वाजली. मी धावले तर आई चांदीचा करंडा घेऊन बोलावणी करत निघालेल्या. दारोदार, चारी भाषांत. कपाळावर हे एवढं कुंकू. त्या विधवा आहेत हे त्यांच्याखेरीज सगळ्या गल्लीला माहीत होतं. बायका त्यांच्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या, मग म्हणायच्या, "येतो अक्का."

या हळदीकुंकवाची एक रीत इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती आमच्याच घरची आहे, आईंनीच पाडलेली. गौरीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात. आमच्याकडं खैरून खालाही यायच्या. कुंकू लावत नसत, आई त्यांच्या केसांत गजरा माळायच्या आणि ओटीत भिजवलेले हरभरे घालायच्या. खालांचे मालक वारले त्यानंतरच्या चैत्रात त्या आल्या नाहीत. तेव्हा आई उठून समोरच्या घरी गेल्या आणि खालांना हाताला धरून घेऊन आल्या. बायकांनी भरलेल्या खोलीत त्यांना पाटावर बसवलं. गजरा तर घालायचा नव्हता. आईंनी गौरीसाठी उगाळलेलं चंदनाचं गंध घेतलं, खालांच्या मनगटावर बोट ओढलं आणि हरभऱ्याची ओंजळ त्यांच्या पदरात टाकली. त्या वर्षापासून आमच्या घरी नवरा गेलेल्या बाईला, मग ती कुठल्याही घरची असो, मनगटावर गंध लावतात. कुणाला वगळत नाहीत. गंधाची वाटी ताटात कुंकवाच्या शेजारीच असते.

शुक्रवार उजाडला. मी डाळ वाटली, पन्हं केलं, कलिंगडाचं कमळ कापताना बोटही कापून घेतलं. महादेवीअक्का परातभर कोसंबरी घेऊन आल्या. आमच्या कैरीच्या डाळीचीच ती कानडी बहीण. मी मनातल्या मनात दिवस सुखरूप जाईल असं म्हणत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि मंठाळच्या आत्याबाई आत आल्या. अप्पांची सख्खी बहीण. दर चैत्रात येतात, आणि मी त्यांना कळवायचं साफ राहून गेलं होतं.

आईंचं कुंकू बघून त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. मी त्यांना ओढतच स्वयंपाकघरात नेलं, हात जोडले, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझा भाऊ गेलाय, वैशाली. मी त्याला पोचवून आलेय. अन् तुमी त्याला मोजणीला धाडून बसलाव?"

"आत्याबाई, पुन्हा कळलं तर त्यांचं काही खरं नाही हो."

"मी आपनहून काई बोलणार न्हाई. पर तिनं मला इचारलं तर मी खोटं सांगणार न्हाई. माझ्याच्यानं व्हनार न्हाई ते."

त्यांचंही चूक कुठं होतं? भाऊ त्यांचा होता. या साऱ्या गोंधळात त्यांच्या रडण्याला कुणी जागाच ठेवली नव्हती. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. आईंनी आत्याबाईंना बघितलं आणि तोंडभर हसल्या. "वन्सं! आलाव? तुमचे भाऊ अजून न्हाई आले बघा. संतपूरलाच हायेत."

आत्याबाईंनी तोंड उघडलं. महादेवीअक्कांनी तेवढ्यात मोठ्यानं गौरीचं कानडी गाणं सुरू केलं, अगदी भलत्याच पट्टीत, आणि मेरीअम्मांनी त्यातला एक शब्द येत नसताना टाळ्या धरल्या. गाणं संपेपर्यंत आत्याबाईंनी नजर जमिनीवरून उचलली नाही. आई एकेकीला कुंकू लावत गेल्या, गजरे देत गेल्या. खालांच्या मनगटावर गंध लावलं. सगळ्यांचं झालं. मग त्या आत्याबाईंसमोर पाटावर बसल्या, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.

"वन्सं, आता मला लावा. नणंदेचा मान हाय."

माझ्या हातात करंडा होता. तो मी पुढं करावा की मागं घ्यावा? संतपूर सांगणं वेगळं, आणि भावाच्या विधवेच्या कपाळी बहिणीनं कुंकू लावणं वेगळं. आत्याबाईंचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईंनी डोळे उघडले.

"काय झालं? कामून रडायलाव?"

"वयनी..." आत्याबाई म्हणाल्या, आणि मला कळलं की आता त्या सांगणार.

तेव्हा खैरून खाला उठल्या. गुडघ्यावर हात देत, सावकाश. ताटातली गंधाची वाटी त्यांनी उचलली आणि आईंसमोर येऊन बसल्या. ज्यांनी संतपूर काढलं त्याच खाला. त्यांनी आईंचा हात आपल्या मांडीवर घेतला, बांगड्या वर सारल्या आणि मनगटावर गंधाचं बोट ओढलं. मी ओरडणार होते. तोवर लावून झालं होतं.

आई मनगटाकडं बघत राहिल्या. मग खालांच्या मनगटाकडं. मग परत स्वतःच्या. मला वाटलं, आता किंकाळी येणार. मेरीअम्मा अर्धवट उठल्यासुद्धा.

"कदी?" आईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"थंडी में, अक्का. घर में इच. तकलीफ नै हुई."

"मी व्हते तितं?"

"तुमी इच थे ना. उनका हात तुमारे हात में था."

आईंनी बोटानं मनगटावरचं गंध चाचपलं. मग म्हणाल्या, "मी रडले?"

"बहोत रोए, अक्का. पूरी गल्ली सुनी."

"मग बरं," आई म्हणाल्या. पदराचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. खसाखसा नाही, भांडं पुसावं तसं हलक्या हातानं. आत्याबाई आता मोकळ्या होऊन हुंदके देत होत्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "रडू नगा वन्सं. आपन व्हतो की तितं." आणि माझ्याकडं वळून, "उभी कामून राहिलीस? पन्हं दे सगळ्यास्नी."

मी पन्हं दिलं. इतके दिवस आम्ही सगळे मिळून त्यांच्यापासून एक गोष्ट लपवत होतो, आणि त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की आपण तिथं होतो, आणि आपण रडलो. तेवढं मात्र आम्ही कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही म्हणायचो, अप्पा गेले. ऐकणाऱ्याला वाटणार की आपल्या पाठीमागं गेले.

पुढं फार काही बदललं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी पुन्हा कुंकू लावलं, दुपारी पुन्हा कडी वाजली, आणि समोरून आवाज आला, "साब संतपूर कू गए ना, अक्का." पण मधूनच कधीतरी त्या फाटकापर्यंत जायच्या, मनगट नाकाशी न्यायच्या आणि न विचारताच परत यायच्या. मी रोज सकाळी त्यांच्या मनगटाला गंध लावायला लागले होते. गेल्या श्रावणात त्या गेल्या. झोपेत. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मी रडले, हे मी इथं लिहून ठेवते आहे.

आज शुक्रवार. डाळ झाली, पन्हं झालं. घरात मी एकटीच खुडबुडत होते. दुपारी कडी वाजली तेव्हा सवयीप्रमाणे काळजात धस्स झालं. खैरून खाला होत्या, सगळ्यांच्या आधी आलेल्या. हल्ली त्या फार वाकल्यात. मी त्यांना पाटावर बसवलं, मनगटावर गंध लावलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं,

"दुल्हन, अक्का कां है जी? दिखरे नै."

वाटी माझ्या हातातच राहिली. श्रावणात आईंना शेवटची आंघोळ घालताना पाणी यांनीच तापवून दिलं होतं. त्या थट्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा नव्हती. त्या खरोखरच वाट बघत होत्या. समोरच्या खिडकीतून त्यांची सून माझ्याकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून. तो चेहरा मी ओळखला, एक अख्खा चैत्र तो माझाच होता.

"संतपूरला गेल्यात, खाला," मी म्हटलं. "अप्पांकडं."

खाला विचारात पडल्या. मग त्यांनी मान डोलवली.

"खाना खाके गए ना?"

"हो खाला. जेवून गेल्यात."